कोल्हापूरची थंडी आणि हवामान खात्याची फूटपट्टी

पंचगंगा किती फुटांवर गेली हे आपल्याकडं पावसाळ्यात शेंबडं पोरगंही सांगतंय, पण थंडीचा अंदाज कुणी कधी मनावर घेतला नाही. हवामान खातं १८७५ चं, १९२८ ला मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, नंतर दिल्लीला गेलं, तो इतिहास बाजूला ठेवू, कारण त्यातनं डिसेंबरात आपल्या वाट्याला यायचं ते एवढंच, मध्य महाराष्ट्रात हवामान कोरडं राहील.

आता हा खात्याचा मध्य महाराष्ट्र म्हणजे वर नंदुरबार-जळगावपासनं खाली चंदगडपर्यंत. निफाडला पारा घसरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की बातमीत अख्खा मध्य महाराष्ट्र गारठायचा आणि इथं रंकाळ्यावर पब्लिक निवांत भेळ खात असायचं. उत्तरेचं कोरडं वारं इथवर येईस्तोवर त्याची धार बऱ्यापैकी गेलेली असते, त्यात बंगालच्या उपसागरात काय झालं की पूर्वेकडनं ढग येतात आणि रात्रीचं तापमान एकदम वर, २०२४ च्या डिसेंबरात फेंगल वादळानंतर तसंच झालं.

खरा घोळ थंडीच्या लाटेच्या निकषाचा. सपाट भागात किमान तापमान १० किंवा खाली पाहिजे आणि वर ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी पाहिजे, नाहीतर मग थेट ४ वर उतरलं पाहिजे. आपलं जानेवारीचं सरासरी किमान १५ च्या आसपास. म्हणजे सलग चार पहाटे पारा ११ वर राहिला, शिरोळकडं भाजीच्या रानात हात बधिर झाले, फडात कोयता धरवेना, तरी कागदावर लाट नाही! किनाऱ्याला मात्र वेगळा नियम, तिथं सरासरीपेक्षा तेवढीच घसरण होऊन पारा १५ किंवा खाली आला तरी लाट म्हणता येते. घाट उतरला की सवलत आणि घाटावर उत्तर भारताचीच फूटपट्टी, हे काय पटत नाही. निकष सैल केला तर दर आठवड्याला इशारा येईल आणि लोक बघायचे बंद होतील असं म्हणणारे आहेत, त्यात तथ्यही आहे, पण मग जिल्ह्याच्या सरासरीवर बेतलेला निकष का नको?

कारण इथं थंडीचं गणित उसाशी आहे. थंडी पडली की उसात साखर भरते, साखरेचा उतारा वाढतो, आणि त्याच थंडीत सुरूच्या म्हणजे हिवाळ्यातल्या ऊस लागणीची उगवण रेंगाळते. चंदगड-आजऱ्याकडं काजूला मोहोर असताना ढगाळ हवा आणि धुकं आलं की रोगकिडीची धास्ती. लाट जाहीर होवो न होवो, यांना आपल्या तालुक्याचा आकडा लागतो.

तो मिळायला लागला अलीकडं. २०१७ च्या सुमारास महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, २०१९ ला मेघदूत ॲप आलं, मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला मोबाईलवर यायला लागला. तालुकावार सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत युनिटं काढली होती, देशभरात १९९, ती २०२४ ला बंद केली. मशीनचा आकडा अजून येतोय, पण ह्या आठवड्यात लागण करू का थांबू हे सांगणारं जवळचं माणूस त्यात गेलं.