मशीनवर काजू तुटतोच?

वेंगुर्ले-मालवणकडे हे कायम ऐकू येतं: अख्खा काजूगर हवा तर बी हातानेच फोडा, मशीनवर पाकळ्या नि तुकडेच पडणार. दोष पात्याचा कमी, घाईचा जास्त. वाफवलेली बी पसरून पूर्ण निवू दिली की गर आक्रसतो, टरफलापासून सुटतो. गरमागरम कापली तर मऊ, चिकटलेला गर पात्याखाली येणारच. शिवाय बी आधी चाळणीवर आकारानुसार वेगळी केलेली हवी. सरमिसळ ओतली तर ठरावीक अंतरावरची पाती मोठ्या बीचा गर चिरतात आणि बारीक बी न फुटताच निसटते. हातफोडणीत अख्खा गर मिळतो, कबूल. पण टरफलातल्या तेलाने बायकांच्या बोटांची कातडी सोलवटते, ते या हिशेबात धरतं कोण?