माकाक (ओजिब्वे बर्चसालीची टोपली)

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या परिसरातील (मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टारियो) ओजिब्वे किंवा अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांची, कागदी बर्च या झाडाच्या सालीची शिवलेली टोपली. मेपलची साखर, सुकवलेली बेरीवर्गीय फळे आणि मनोमिन म्हणजे जंगली तांदूळ तिच्यात साठवतात. सालीतील बेट्युलिन या द्रव्यामुळे ती सहसा कुजत नाही. हिमालयातील भूर्जपत्राचे झाड याच वंशातले.

नवशिक्याची खरी परीक्षा झाडापाशीच होते. साल वाईट असेल तर शिवण कितीही नेटकी घातली तरी उपयोग नाही. साल काढण्याचा हंगाम साधारण जूनअखेर ते जुलैचा पूर्वार्ध. तेव्हा ती आपसूक सुटते. आधी झाडापाशी तंबाखू वाहतात. मग छोटा तुकडा काढून दुमडून पाहतात. सालीवरच्या आडव्या रेघांशी तडा गेला किंवा पापुद्रे सुटले, तर ते झाड सोडून द्यायचे. चांगल्या सालीवर वरून खाली एकच उभा छेद घेतात, तोही फक्त बाहेरच्या सालीपुरता. पाते आतल्या जिवंत सालीत उतरून तिला भोवताली इजा झाली, तर झाड वाळते. नुसती बाहेरची साल गेली तर ते जगते, पण नवी साल काळपट आणि खडबडीत येते. काढलेली साल लगेच वजनाखाली सपाट ठेवावी. नाहीतर पांढरी बाजू आत घेऊन तिची सुरळी होते.

शिवायला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळे किंवा बासवुड झाडाची अंतर्साल लागते. मुळे उकळून सोलतात आणि मधोमध उभी चिरतात. चीर एका बाजूला सरकू लागली की जाड अर्धा अधिक वाकवायचा. चीर पुन्हा मध्यावर येते. घाई केली तर मूळ निमुळते होत तुटते. वापरण्याआधी ती भिजत ठेवतात.

पहिल्या माकाकसाठी ३६ × २४ सेंमीचा तुकडा पुरतो. दोन्ही आखूड कडांवर, लांब कडांपासून ७ सेंमी आत, प्रत्येकी दोन चिरा ७ सेंमी खोल द्यायच्या. साल गरम पाण्याने किंवा शेकून मऊ करून चारी बाजू उभ्या केल्या की २२ × १० सेंमीचा तळ राहतो. कोपऱ्यांच्या पट्ट्या मधल्या पट्टीवर घेतल्या की एकमेकींवर ४ सेंमी चढतात. तिथे कपड्यांचे चिमटे लावून आरीने भोके पाडतात. सालीची तपकिरी आतली बाजू बाहेर येते, पांढरी आत जाते. भोके एका रेघेत पाडू नयेत. टाके ओढले की साल त्या रेघेवर फाटते, म्हणून टाका एक आखूड, एक लांब असा घालतात. काठाला विलोची काडी बांधतात. ती नसेल तर तोंड पसरते आणि काठ चिरतो. मेपलचा रस धरायच्या भांड्याला मात्र चिरा देत नाहीत, कोपरे नुसते दुमडतात. चिरलेल्या कोपऱ्यातून रस गळतो.

दुष्काळ आणि बर्च पोखरणाऱ्या किडीमुळे जाड, सरळ खोडाची झाडे आता कमी झाली आहेत. १८३७ च्या तहाने अमेरिकेला सोडून दिलेल्या प्रदेशात शिकारीचा, मासेमारीचा आणि वनोपज गोळा करण्याचा ओजिब्वेंचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. इतरांनी सरकारी जंगलात साल काढण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी.