फुटबॉलमध्ये एखादी मुलगी एका देशाकडून अंडर-१७ खेळली म्हणजे त्या देशाशी कायमची बांधली गेली?

असं छातीठोकपणे सांगितलं जातं, पण ते साफ चूक. सराव शिबिर किंवा मैत्रीपूर्ण सामन्याने कोणी बांधलं जात नाही. ज्युनिअर गटात अधिकृत सामना खेळलेली मुलगीही फिफाकडे अर्ज करून एकदा देश बदलू शकते. मात्र दुसऱ्या देशाचं नागरिकत्व हातात हवं; ते पहिल्या सामन्यानंतर मिळालं असेल, तर आधीच्या देशाकडून शेवटचा अधिकृत सामना २१ वर्षांची होण्याआधी खेळलेला हवा. गाडी अडते ती इथेच: नुसती आई तिथली असणं पुरत नाही. (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडूनही खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो.)

फुटबॉलपटू केसी फेअरची आई कोरियन, वडील अमेरिकन. २५ जुलै २०२३ रोजी, १६ वर्षं २६ दिवसांची असताना, ती दक्षिण कोरियाकडून कोलंबियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरली. सामना सिनिअर विश्वचषकातला, त्यामुळे तिचा देश बदलण्याचा दरवाजा मात्र खरोखर बंद झाला.