सही केलेली लायब्ररी डीबग करायची आहे? ती पुन्हा बिल्ड करू नका

आमच्या लायब्ररीबद्दल येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते : 'एक्सेप्शन तुमच्या कोडमध्ये येतंय, पण आत शिरता येत नाही.' पाठोपाठ दुसरे वाक्य येते : 'सोर्स खुला आहे म्हणून उतरवून घेतला, स्वतः बिल्ड केला, तर आता ॲप्लिकेशन सुरूच होत नाही.' हे पत्रक त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

आमच्या डीएलएलवर, म्हणजे लायब्ररीच्या बिल्ड झालेल्या फाइलवर, डॉट नेटची (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग मंचाची) स्ट्राँग नेम सही असते. सही खासगी कीने केली जाते आणि तिच्या जोडीच्या पब्लिक कीपासून १६ अक्षरी टोकन, म्हणजे छोटी ओळखखूण, तयार होते. तुमचा प्रोग्रॅम कंपाइल होताना त्यात आमच्या लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती यांच्याबरोबर हे टोकनही नोंदवले जाते. तुम्ही बिल्ड केलेल्या प्रतीवर आमची सही नसते, कारण खासगी की आमच्याकडेच असते. (काही प्रकल्प ती सोर्सबरोबरच ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. आम्ही ठेवत नाही, एवढेच.) टोकन जुळत नाही म्हणून डॉट नेट फ्रेमवर्क (डॉट नेटची जुनी पिढी) ती प्रत नाकारते, आणि लॉगमध्ये ८०१३१०४० हा आकडा असलेली चूक दिसते.

नव्या डॉट नेटमध्ये, म्हणजे कोअरपासून पुढे, लोड करताना ही तपासणी होत नाही. तिथे तुमची प्रत बिनबोभाट चालते. आम्हाला तेच जास्त धोक्याचे वाटते. तुम्ही दोन दिवस ज्या डीएलएलमध्ये चूक शोधता, ती प्रत्यक्ष सर्व्हरवर चालणारी डीएलएल नसतेच. एका ग्राहकाने सर्व्हरवरच्या आवृत्तीपेक्षा तीन ओळींनी पुढे गेलेल्या सोर्सवरून बिल्ड केले होते. त्या तीन ओळींतच ती चूक दुरुस्त केलेली होती, त्यामुळे त्यांच्याकडे चूक दिसेचना.

यावरचा उपाय म्हणजे सिम्बॉल फाइल, म्हणजेच पीडीबी. डीएलएल चालायला ती लागत नाही, माणसाला वाचायला लागते. कोणती सूचना कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली आणि लोकल व्हेरिएबलची नावे काय होती, हे तिच्यात असते. ती वेगळी फाइल असल्यामुळे तिच्या असण्या-नसण्याने सहीला धक्का लागत नाही. उलटा प्रश्नही विचारला जातो : बिल्ड झाल्यावर डीएलएलवर सर्टिफिकेटची सही चढवली, तर जुनी पीडीबी चालेल का? चालेल. दोघींची जोडी डीएलएलमध्ये नोंदलेल्या एका ओळख क्रमांकावरून लागते, आणि सही चढवताना तो बदलत नाही. मात्र डीएलएल एकत्र करणारे किंवा कोड गुंतागुंतीचा करून लपवणारे टूल मध्ये आले, की आमची पीडीबी त्या नव्या डीएलएलला लागू पडेलच असे नाही.

ही जोडी तारखेवरून किंवा आवृत्तीच्या आकड्यावरून लागत नाही. '२.४ ची पीडीबी आहे, मग चालायला हवी' हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. २.४ दोनदा बिल्ड झाली असेल, तर दोन्हींचे ओळख क्रमांक वेगळे असू शकतात.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक आवृत्तीचे सिम्बॉल पॅकेज आम्ही नूगेटवर, म्हणजे डॉट नेट लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक भांडारावर, चढवतो. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबगिंग पर्यायांत सिम्बॉलच्या पानावर नूगेटचा सिम्बॉल सर्व्हर निवडा. 'जस्ट माय कोड' बंद करा, कारण तो पर्याय चालू असेपर्यंत डीबगर (प्रोग्रॅम ओळीओळीने तपासण्याचे साधन) आमच्या कोडवरून उडी मारून पुढे जातो. सोर्स लिंक चालू ठेवा. पीडीबीमध्ये आम्ही नेमक्या कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या सोर्सच्या त्या स्थितीचा, पत्ता घातलेला असतो, त्यामुळे डीबगर तीच फाइल स्वतः उतरवून घेतो.

एवढे करूनही ब्रेकपॉइंटचा (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या ओळीवरचा) लाल ठिपका भरीव न होता पोकळच राहिला, तर अंदाज बांधत बसू नका. मॉड्यूल्सची खिडकी उघडा, आमच्या डीएलएलच्या ओळीवर उजवी क्लिक करा आणि सिम्बॉल लोड करण्याची माहिती मागा. डीबगरने कुठे कुठे शोधले आणि प्रत्येक ठिकाणी काय मिळाले, याची यादी तिथे येते. उत्तर बहुतेक वेळा त्या यादीतच असते.

सोर्स हाताने उतरवणाऱ्यांना एक चकवा हमखास बसतो. पीडीबीमध्ये प्रत्येक सोर्स फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या बाइटवरून काढलेली पडताळणीची संख्या, असतो. विंडोजवर गिट काही वेळा ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हे बदलतो. डोळ्यांना फाइल तीच दिसते, पण बाइट वेगळे असतात, आणि डीबगर म्हणतो की सोर्स जुळत नाही. तो खरेच बोलतो. अशा वेळी तपासणी बंद करण्यापेक्षा सोर्स लिंकला फाइल आणू द्या.

व्हेरिएबलची किंमत दिसत नसेल किंवा कर्सर ओळी सोडून पळत असेल, तर ते ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कोडमध्ये केलेली फेररचना, असते. आम्ही रिलीज बिल्डच देतो. मॉड्यूल लोड होताना जेआयटी (चालताना कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) करतो ते ऑप्टिमायझेशन थांबवण्याचा पर्याय डीबगरमध्ये आहे. तो लावून प्रोग्रॅम डीबगरमधूनच सुरू करा. आधीच लोड झालेल्या डीएलएलवर त्याचा परिणाम होत नाही.

सर्व्हरवर डीबगर लावता येत नसेल, तर पीडीबी डीएलएलच्या शेजारी ठेवा. स्टॅक ट्रेसमध्ये (चूक होईपर्यंत कोणकोणती फंक्शन एकामागून एक बोलावली गेली त्या यादीत) फाइल आणि ओळ क्रमांक येऊ लागतील. आमच्या पीडीबी फाइली पोर्टेबल (पीडीबीच्या नव्या) प्रकारच्या आहेत, त्यामुळे जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर असाल तर त्यासाठी ४.७.२ किंवा पुढची आवृत्ती लागेल.

आणि आम्हाला डम्प पाठवणार असाल, तर आधी विचारा. डम्पमध्ये प्रोग्रॅमची मेमरी असते, म्हणजे पासवर्ड आणि तुमच्या ग्राहकांची माहितीही असू शकते. बऱ्याचदा पूर्ण स्टॅक ट्रेस आणि सर्व्हरवरून उचललेली मूळ डीएलएल एवढ्यावर आमचे काम भागते. डीएलएल मात्र सर्व्हरवरचीच हवी, तुमच्या मशीनवरची नको.