चिलटाच्या अंड्यातला दुसरा पट्टा

माणसाचा ९८ टक्के डीएनए कचरा आहे असा मेसेज परत फिरायला लागलाय. प्रथिनं कशी बनवायची हे लिहिलेला भाग २ टक्क्यांच्या आत भरतो हे खरंय, पण बाकी सगळा कचरा कसा? जनुकं चालू-बंद करणारी बटणं त्यातच तर आहेत.

जनुकाच्या तोंडाशी प्रमोटर नावाचा डीएनएचा तुकडा असतो, जनुक वाचणारं यंत्र तिथे येऊन बसतं. पण कुठल्या पेशीत, कधी आणि किती वाचायचं हे एन्हान्सर नावाचा दुसरा तुकडा ठरवतो, आणि तो कितीतरी लांब असू शकतो, डीएनए वळून दोघं जवळ येतात.

माझं लाडकं उदाहरण म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट, ड्रोसोफिला. त्याचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, रव्याच्या कणाएवढं. पहिले दोनेक तास आत पेशींच्या भिंतीच नसतात, एकाच पिशवीत केंद्रकं वाढत वाढत ६००० च्या आसपास जातात. आईने डोक्याच्या टोकाला बायकॉइड या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवायची चिठ्ठी, ठेवलेला असतो, त्यापासून बनलेलं बायकॉइड तिथे दाट आणि शेपटीकडे विरळ होत जातं. तिसऱ्या तासाच्या सुमाराला ईव्हन-स्किप्ड हे जनुक बरोब्बर ७ पट्ट्यांत चालू होतं, आणि त्यातल्या दुसऱ्या पट्ट्यासाठी वेगळा एन्हान्सर आहे, डीएनएच्या ४८० अक्षरांचा. त्यावर बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं चिकटली की जनुक चालू, जायंट किंवा क्रुपेल ही प्रथिनं चिकटली की बंद. आता पुढच्या, म्हणजे डोक्याकडच्या, अर्ध्या अंड्यात बायकॉइड-हंचबॅक भरपूर, म्हणजे जनुक तिथे सगळीकडेच चालू व्हायला हवं, पण पुढून जायंट दाबतं, मागून क्रुपेल दाबतं, आणि दोघांच्या कचाट्यातून सुटलेली तीन-चार केंद्रकांची चिंचोळी जागा उरते, तोच दुसरा पट्टा! मायकेल लेव्हिन यांच्या लॅबने हा तुकडा काढून भलत्याच जनुकाला जोडला तर तेही त्याच जागी चालू झालं, आणि तुकड्यातल्या जायंट चिकटायच्या जागा मोडल्यावर पट्टा डोक्याकडे पसरला.

जनुकं चालू-बंद होतात ती अशी प्रथिनं चिकटून, म्हणून "मंत्राने बाळाचा डीएनए ॲक्टिव्हेट करा" अशी गर्भसंस्काराची जाहिरात दिसली की चीड येते. आईने गाणी जरूर ऐकावीत, आनंदात राहावं. पण माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुकं मुख्यतः तिसऱ्या दिवशी, ४ ते ८ पेशी असतानाच चालू होतात, तेव्हा पाळी चुकायलाही दहाएक दिवस असतात.

एन्हान्सरची हीच पद्धत आपल्यातही आहे. सॉनिक हेजहॉग हे जनुक आणि पंजा घडताना त्याला चालू करणारा एन्हान्सर यांच्यात जवळपास १० लाख अक्षरांचं अंतर आहे, आणि त्या एन्हान्सरमधलं एखादं अक्षर बदललं तरी बाळाला अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकतं.