टारफुल्याची तहान : ज्वारीच्या मुळाशी चालणाऱ्या संदेशांची पार्श्वभूमी

जमिनीत ओल असूनही ज्वारी भरदुपारी मान टाकते, तेव्हा मुळाशी टारफुला आहे का ते पाहावं. खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याच्या हलक्या, बरड रानात हा त्रास जास्त जाणवतो. पांढऱ्या फुलांचं हे वीतभर तण वर दिसतं, त्याआधी कित्येक दिवस ते जमिनीखाली ज्वारीवर पोसलेलं असतं.

त्याचं कोडं सुटायला कपाशीची मदत झाली. १९५६ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलिना भागात टारफुला सापडला आणि शोधाशोध सुरू झाली. १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून स्ट्रायगॉल नावाचं रसायन वेगळं केलं गेलं. टारफुल्याचं बी उगवायला याचा अत्यल्प अंश पुरतो. मात्र बी आधी दहा-पंधरा दिवस ओल्या, उबदार मातीत भिजलेलं असावं लागतं. उगवल्यावर चार-पाच दिवसांत मूळ गाठलं नाही, तर ते मरतं. कपाशी त्याला उगवायला लावते, पण पोसत नाही. म्हणून ज्वारीनंतर कपाशी घेणं ही चांगली फेरपालट आहे.

मग पीक असा घातक संदेश सोडतंच का? २००५ मध्ये उत्तर मिळालं: स्फुरद कमी पडलं की मूळ उपकारक बुरशीला बोलावतं. ती हाक टारफुल्यालाही ऐकू जाते. ज्वारी नत्र कमी पडलं तरी हा स्राव वाढवते. भुकेल्या रानात टारफुला का माजतो, ते इथे कळतं. त्याचे हे 'कान', म्हणजे बियांतली ग्राहक प्रथिनं, २०१५ मध्ये ओळखली गेली.

मूळ चिकटल्यावर तो ज्वारीच्या जलवाहिन्यांना जोडला जातो. खरी मेख त्यापुढे आहे. पाणी तुटलं की कोणतंही झाड ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक बनवतं. त्याचा ग्राहक पीपी२सी नावाच्या प्रथिनाला दाबून धरतो आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात. स्ट्रायगा हर्मोन्थिका या टारफुल्याच्या आफ्रिकेतल्या भावंडामध्ये यातलं एक प्रथिन बदललेलं आहे, ते ग्राहकाच्या पकडीत येतच नाही, असं २०१९ मध्ये दिसलं. ज्वारी रंध्रं मिटते, टारफुल्याची उघडीच राहतात. उन्हाने बाष्प उडत राहतं, आणि त्या ओढीने पाण्याबरोबर नत्र व क्षारही त्याच्याकडे वाहतात. पाऊस ताणला की नुकसान वाढतं ते यामुळेच.

बरंचसं नुकसान जमिनीखालीच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे वर आलेला टारफुला उपटून यंदाचं पीक फारसं सावरत नाही. तरी फुलोऱ्याआधी उपटाच. एका झाडाचं हजारो बी पडतं आणि दहा-बारा वर्षंही जिवंत राहतं, म्हणून एका फेरपालटीने रान मोकळं होत नाही. ज्वारीत २,४-डी हे तणनाशक फवारायचं असेल तर शेजारची कपाशी आणि वाऱ्याची दिशा आधी पाहा. थोडे तुषार उडाले तरी तिची पानं आकसून बोटांसारखी होतात. तोच पंप पुढे कपाशीला वापरू नका.