नवा शॉवर, जुनी वायर

इलेक्ट्रिक शॉवर बंद पडला की नवा आणायचा, जुन्याच्या तीन वायरी सोडवायच्या आणि त्याच नव्यात घालायच्या. काम एवढंच दिसतं, आणि तिथेच ते फसवतं. कारण चुकीची जोडणीसुद्धा कित्येक महिने बिनतक्रार गरम पाणी देत राहते.

टाकीच्या गीझरला पाणी तापवायला वेळ असतो. शॉवरला पाणी आतून वाहून जाईपर्यंतच ते तापवावं लागतं. मिनिटाला ५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे ८,७०० वॉट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर ३८ अँपिअर. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण एवढा प्रवाह क्वचितच ओढतं.

आता समजा, जुना शॉवर ७.२ किलोवॉटचा होता आणि दुकानातून १०.५ किलोवॉटचा आणला. प्रवाह ३१ वरून ४६ अँपिअरवर गेला, जवळपास दीडपट. पण वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती दुपटीच्याही वर जाते. वायर ६ स्क्वेअर एमएमची आणि मेन बोर्डापासून १५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं झालं. त्यात आधी ८४ वॉट उष्णता होत होती, आता १८० होईल. उघड्यावरची वायर कदाचित हे निभावून नेईल. पण तीच भिंतीत किंवा छतावरच्या उष्णतारोधक थरात गाडलेली असेल, तर उष्णता बाहेर पडणार कुठून? साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच कायम टिकण्यासाठी बनवलेलं असतं.

इथे एक चूक हमखास होते. जुना ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आंघोळ चालू असताना पडायला लागतो, म्हणून त्याजागी ५० चा बसवतात. एमसीबी शॉवरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं. अशा वेळी रस्ते दोनच: जाड वायर ओढा, नाहीतर जुन्याच ताकदीचा शॉवर घ्या. दुसरा स्वस्त आहे, आणि मला विचाराल तर बहुतेक वेळा शहाणपणाचाही.

पण सगळ्यात लबाड शत्रू म्हणजे सैल स्क्रू. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळला नाही, किंवा त्याखाली वायरीचं आवरणच दाबलं गेलं, तर तांब्याला धातू मोजक्याच बिंदूंवर टेकतो. तिथला रोध फक्त ०.०५ ओहम धरला, तरी ४६ अँपिअरला १०० वॉटहून जास्त उष्णता होते, तीही वाटाण्याएवढ्या जागेत. तापलं की तांबं प्रसरण पावतं, थंड झालं की आकसतं. दर आंघोळीला पकड थोडी ढिली होते, पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं आणि रोध आणखी वाढतो. शेवटी प्लॅस्टिक तपकिरी पडून जळका वास येतो.

हे कोणत्याच स्विचला कळत नाही. एमसीबी प्रवाह किती ते पाहतो, आणि तो तर नेहमीचाच असतो. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच, फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही ते पाहतो, आणि तो पुरेपूर परत आलेला असतो. म्हणून योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहण्याची सवय, याला पर्याय नाही.

आरसीसीबी मात्र हवाच, ३० मिलिअँपिअरचा. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला तेवढ्यात २३० मिलिअँपिअर जातात आणि ते हृदयाची लय बिघडवायला पुरेसे असतात. अर्थिंग पक्कं असेल, तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं कवच फुटल्यावर प्रवाहाची गळती पाण्यात माणूस उतरण्याची वाट पाहत नाही. अर्थच्या वायरीतून लगेच वाहते आणि आरसीसीबी पडतो.

सप्लाय बंद झालाय की नाही हे पेनासारख्या टेस्टरवर ठरवू नका. त्याचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर फेज जिवंत असूनही तो मंद दिसेल. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग शॉवरच्या वायरींवर आणि पुन्हा सॉकेटवर लावून पाहावा. बऱ्याच देशांत हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावं असा नियम आहे. तसा तो असेल तर विषयच संपला.

जोडणी झाली की हीटर बंद ठेवून आधी नुसतं थंड पाणी सोडायचं, आतली हवा निघून जाऊ द्यायची. रिकाम्या नळीतलं एलिमेंट काही सेकंदांत जळतं. मग दहा मिनिटं शॉवर गरम चालवून, कोरड्या हाताने भिंतीवरच्या डबल पोल स्विचच्या (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या) झाकणाला स्पर्श करून बघा. किंचित कोमट लागलं तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर मेन बंद करून झाकण उघडा. स्क्रू बहुधा तिथेच सैल सापडेल.